जबड्याखालचा भोवरा

सडक अर्जुनी,
रविवार, ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. खुमेंद्र यास,
काकाजीचे आणि काकीचे आशीर्वाद. सौ. रिंकीलाही सांग.

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याचीच माफी मागतो. दिवाळीला तुमच्याकडून कुडव्याहून परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो होतो. पेन सापडला तर कागद बरा नव्हता, कागद आणला तर धानाची कापणी लागली, कापणी झाली तर काकीचा गुडघा सुजला. तू म्हणशील, काकाजी, फोन असताना पत्र कायले? फोनवर रिंकी स्पीकर लावते, मला ऐकू कमी येतं, मागे टीव्ही चालू असतो. दोनदा मी सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा "तब्येत सांभाळा" म्हणून ठेवून दिला.

अक्षर बिघडलं आहे, लावून वाच. काकी म्हणाली, शेजारच्या प्रेमिलाकडून लिहून घ्या, तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी नाही म्हटलं. घरातली गोष्ट आहे.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. धान कापून झालं, पण अजून बांधीत उघड्यावर पडलं आहे आणि परवापासून आभाळ येऊन राहिलं. आभाळ दिसलं की माझा जीव वरखाली होतो. हायवेच्या ट्रकांची धूळ छपरीत येऊन बसते. काकी दिवसातून तीनदा झाडते आणि तीनदा मला बोलते. तुमच्या मागच्या दाराची कडी ढिली आहे, ती मी दिवाळीला पाहिली, पण सांगायचं राहिलं. बदलून घे. तुझ्या बाबूजींची, दादाची, खाट त्याच दाराजवळ आहे, थंडीचं वारं सरळ त्याच्या पायांवर येतं.

पत्रासोबत बिस्किटाचा पत्र्याचा डबा येईल. त्यात माझे तीन रेझर, ब्रश आणि तुरटीचा खडा आहे. पत्त्या काढून घेतल्या. धारदार वस्तू पार्सलात ठेवू नका असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. पत्त्या तू गोंदियात घेशील. मला आता हे लागणार नाहीत. काऊन लागणार नाहीत ते पुढे लिहितो. आधी कोणता कसा चालतो ते लिहू दे, नाहीतर दुसरंच लिहिण्यात कागद संपेल.

सगळ्यात जुना तो फणीवाला. तो तुझ्या आजोबांचा. गोंदिया स्टेशनवर एक अँग्लो-इंडियन गार्ड होता. तो नोकरी सोडून जाताना घरचं सामान विकत होता, त्यात बाबांनी दोन खुर्च्या, एक कंदील आणि हा रेझर घेतला. खुर्च्या मोडल्या, कंदील कोणी नेला ते माहीत नाही, रेझर राहिला. पितळेचा आहे, वरची चमक माझ्या लहानपणीच गेली होती. त्याचे तीन तुकडे होतात, वरची टोपी, मधली फणी आणि दांडा. दोन्ही कडांना कंगव्यासारखे दात आहेत म्हणून घरात त्याला फणीवाला म्हणायचे. वाढलेली दाढी त्या दातांमधून सरळ पत्तीपर्यंत जाते. सपाट कडेच्या रेझरमध्ये आठ-पंधरा दिवसांची दाढी गुंतते, साबणासकट चोंदते, मग केस कापला न जाता ओढला जातो. हा चोंदत नाही. पण त्याच दातांमुळे पत्ती उघडी राहते. हा जड आहे, आणि जड आहे म्हणूनच चांगला आहे. वजन आपलं काम करतं, हातानं फक्त वाट दाखवायची.

मी सोळा वर्षांचा असताना दादानं मला हा हातात दिला. मी जोर लावून ओढत होतो. तो म्हणाला, "हुकुम, दाढी तू करू नको. त्याले करू दे. तू फक्त धरून राह." तेव्हा तो नुकताच गुरुजी झाला होता, सगळ्यांशी शाळेतल्यासारखं बोलायचा. पण हे त्यानं खरं सांगितलं.

दुसरा कवाडवाला. याच्या दांड्याचं खालचं टोक फिरवलं की डोक्यावरची दोन कवाडं उघडतात. पत्ती आत ठेवायची, उलटं फिरवायचं, कवाडं बंद. हा माझा नाही. हायवेवर माझं दुकान होतं तेव्हा त्याच्यासमोरच्या हापशीवर ट्रकवाले आंघोळी करायचे. त्यांतला एक, केरळकडचा असावा, भाषा समजत नव्हती, हा ओट्यावर विसरून गेला. मी तो दोन वर्षं दुकानात समोरच ठेवला, परत आला तर दिसावा म्हणून. कोणताही ट्रक थांबला की वाटायचं, हा माणूस मला चोर म्हणेल. तो आला नाही. काकीनं एक दिवस कंटाळून म्हटलं, "वापरा नाहीतर विहिरीत टाका, पण रोज त्याच्याकडे पाहून उसासे नका टाकू." मग वापरायला लागलो.

हा चांगला काऊन चालतो ते मला कळायला वर्षं लागली. कवाडं दोन्हीकडून सारखी दाबतात, म्हणून पत्ती जराही तिरपी बसत नाही, आणि सपाट कड व पत्ती यांच्यात फट अगदी बारीक आहे. पत्तीचा काठ जेवढा लागतो तेवढाच बाहेर दिसतो. एखाद्या दिवसाची दाढी असेल तर यासारखा रेझर नाही. चूक केली तरी माफ करतो. फक्त शेवटी फार आवळायचं नाही. आवळलं की पत्ती मध्ये फुगते आणि एका बाजूला जास्त कापते. महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. तुला हाच वापरायचा आहे, म्हणून एवढं लिहिलं.

तिसरा अॅल्युमिनियमचा, हलका. जवानीत गोंदियाच्या बाजारात मी स्वतः घेतला, नवा, चकचकीत. तो ठेवू नको. लोकांना वाटतं, हलका म्हणजे बरा. उलट आहे. हलक्या रेझरला स्वतःचं वजन नाही, म्हणून माणूस न कळत दाबतो, आणि दाबलं की कापतं. तू म्हणशील, मग पाठवता कायले? मला आता घरात एकही नको आहे.

आता दादाची दाढी कशी करायची ते लिहितो. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. चार वर्षं, लकवा झाल्यापासून तो इथे माझ्याकडे होता तोवर, त्याची दाढी मीच केली.

गरम पाण्यात खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक भिजवून, पिळून, दोन मिनिटं तोंडावर ठेवायचं. नाक उघडं ठेव. उजवा गाल आधी. तो लकव्याचा गाल, ढिला आहे, त्याला फुगवता येत नाही. कानापुढची कातडी दोन बोटांनी वर ओढून धर. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकव, मग दांडा हळूहळू खाली आण. एका जागी आवाज येईल, वाळलेल्या पानावर उंदीर चालल्यासारखा. तोच कोन. तो सोडायचा नाही. आवाज गेला तर समजायचं की पत्ती केसावर नाही, कातडीवर आहे.

डाव्या बाजूला त्याला सगळं कळतं. तिथे जबड्याखाली, दोन बोटं आत, भोवरा आहे. इतर ठिकाणी केस वरून खाली येतात, त्या जागी ते वर चढून गोल फिरतात. तिथे खालून वर, अगदी लहान लहान, पाण्यानं ओलं करत. आता तिथे टाक्यांचा वण आहे. वणावरून जाऊ नको, बाजूनं जा.

दाढी झाल्यावर डावा हात त्याच्याच हवाली करायचा. तो बोटं उलटी करून कानापासून हनुवटीपर्यंत फिरवतो. कुठे खुंट राहिला असेल तर बोट तिथेच थांबवतो आणि तुझ्याकडे पाहतो. वहीतली चूक दाखवायचा तसं. ते साफ केलं की परत तपासतो. मग गालावर दोनदा टिचकी मारतो. म्हणजे पास. बोलता येत नसलेला माणूस, पण चार वर्षांत एकदाही त्यानं मला फुकट पास केलं नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार दाढी नाही. पितृपक्षात नाही. नवरात्रात नाही. हे त्यानं जन्मभर पाळलं, आपणही पाळायचं, असं मी धरून चाललो होतो.

इथे थांबतो. पाठ दुखते.

सोमवार, ता. १०

काल पाठ दुखत नव्हती.

खुमेंद्र, हे आता एका दमात लिहितो. तुला वाटतं की गेल्या वर्षभर कैलाश सलूनवाला घरी येऊन बाबूजींची दाढी करत होता. तूच ठरवून दिलं होतं, कारण डॉक्टर म्हणाले होते, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, जखम होऊ देऊ नका, वस्तरा-पत्ती नको, मशीन वापरा. कैलाश दोनच आठवडे आला. मशीननं खुंट राहायचे, दादा बोट ठेवायचा, कैलाश पाहायचाच नाही. मी त्याला तसं म्हटलं. तो हसून म्हणाला, "आता गुरुजीले कोणत्या लग्नात न्यायचं आहे, काकाजी?" मी म्हटलं, उद्यापासून येऊ नको. जाताना तो म्हणाला, "तुमाले माझी मशीन नाही खटकत. दुसऱ्यानं हात लावलेला खटकते." ते खरं होतं म्हणून मला जास्त राग आला.

तू दर रविवारी यायचा, बाबूजींच्या गालावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, कैलाशचा हात चांगला आहे. मी हो म्हणायचो. मला आनंदही व्हायचा आणि वाईटही वाटायचं.

ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की माझा हात थरथरतो. उजवा. यंदा रोवणीच्या दिवसांत सुरू झालं. आधी चहाची बशी वाजायला लागली. काकीला वाटलं, थकवा. मी कपातून प्यायला लागलो, मग स्टीलच्या ग्लासातून, मग दोन्ही हातांनी धरून. माणसं आली की हात दुपट्ट्याखाली ठेवायचा. स्वतःची दाढी करताना तीनदा कापलं, तेव्हा स्वतःची बंद केली. श्रावण होता, कोणी विचारलं नाही. श्रावण संपल्यावर काकीनं विचारलं, तेव्हा सांगितलं, नवस आहे. कोणत्या देवाचा, म्हणाली. म्हटलं, फिटल्याशिवाय सांगत नाहीत. कालपर्यंत ती समजत होती की माझा नवस चालू आहे. दिवाळीला तू माझ्या दाढीवरून थट्टा केलीस, त्या दाढीची गोष्ट ही आहे.

तरी दादाची दाढी सोडली नाही. कवाडवाल्यानं माझी लाज दोन महिने झाकली. करंगळी त्याच्या हनुवटीवर टेकवायची, डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं आणि श्वास रोखून एक एक पट्टा ओढायचा. दादा माझ्याकडे पाहत राहायचा. बोट ठेवण्यासारख्या जागा वाढल्या होत्या. पण त्यानं बोट ठेवणं बंद केलं. नुसती टिचकी मारायचा. मी मनाला सांगितलं, त्याचं लक्ष कमी झालं असेल. मला पास करून घ्यायचं होतं.

तुला सांगितलं असतं तर तू कैलाशला परत बोलावलं असतं, किंवा दादाला कुडव्याला नेलं असतं. मग मी सकाळी उठून काय केलं असतं? दुकान बंद झालं, शेत अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला दिलं, पोरंबाळं देवानं दिली नाहीत. सकाळी पाणी गरम करायचं, दादाला उशीला टेकवून बसवायचं, एवढंच माझ्याकडे होतं. हे कारण नाही, माहीत आहे. लिहून ठेवतो.

मग पितृपक्ष आला. पंधरा दिवस हात लावला नाही, आणि मला बरंच वाटलं. पण दादाला दाढी सहन होत नाही. तो दिवसभर गाल खाजवत राहायचा आणि माझ्याकडे पाहायचा. सर्वपित्री अमावस्या रविवारी होती. आपल्या घरी पितरांना पाणी दिलं की त्या दिवशी दुपारनंतर दाढी मोकळी, आणि दुसऱ्या दिवशी घट बसले की परत दसऱ्यापर्यंत बंद. म्हणजे ती एकच दुपार. तुला ऑडिटमुळे मिलमधून सुट्टी नव्हती. फोनवर म्हणालास, कैलाशला बोलावून घ्या. मी हो म्हटलं.

पंधरा दिवसांची दाढी कवाडवाल्यानं निघाली नसती, चोंदला असता. म्हणून फणीवाला काढला. जुनी पत्ती त्या दाढीला पुरली नसती, म्हणून नवी लावली. नवी पत्ती मी आधी स्वतःच्या गालावर चालवून तिचा तिखटपणा काढायचो आणि मग दादाला लावायचो, हा माझा चार वर्षांचा नेम. पण माझी दाढी तर नवसाची होती. तशीच लावली.

उजवा गाल चांगला झाला. खोटं सांगत नाही, इतका चांगला की मला वाटलं, हात सुधारला. डावा गालही झाला. काकी आत श्राद्धाची भांडी घासत होती. जबड्याखाली भोवऱ्यापाशी आलो, खालून वर घेत होतो, आणि माझा हात उडाला.

दादा हलला नव्हता. हे दोनदा लिहितो. दादा हलला नव्हता. तो दगडासारखा बसला होता, कारण त्याला माहीत होतं की माझा हात कसा आहे.

आधी साबणात गुलाबी दिसलं, मग साबण दिसेनासा झाला. तुरटी दाबली, थांबेना. दुपट्टा दाबला, तो भरला. त्यातही माझा हात हलतच होता. तेव्हा दादानं आपला डावा हात वर केला आणि माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. वाहत होतं त्याच्या मानेतून आणि तो माझा हात धरून बसला होता, तो थांबेपर्यंत. मग काकी आली, आरडाओरड झाली, शेजाऱ्याची गाडी, पुढचं तुला माहीत आहे.

दवाखान्यात टाके घातल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तू त्याच वेळी आत आला होतास. मी म्हटलं, त्यानं मान झटकली. तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांनी विचारलं, असे झटके नेहमी येतात का? आता नाही म्हणणं म्हणजे पहिलं खोटं उघडं पडणं. मी म्हटलं, हो, मधून मधून येते झटका. कधीपासून? मी म्हटलं, दोन-तीन महिन्यांपासून. माझ्या हाताचा हिशोब मी त्याच्या नावावर सांगितला. डॉक्टर म्हणाले, लकव्यानंतर असं होऊ शकतं, आणि फिटच्या गोळ्या लिहून दिल्या.

दादा सगळं ऐकत होता. त्याला ऐकू चांगलं येतं. त्यानं खाटेवरून हात उचलला आणि माझ्या उजव्या हाताकडे दाखवलं. परत दाखवलं. जोर करत होता, म्हणून हात हेलकावत होता. डॉक्टर म्हणाले, हे पाहा, हा पण झटकाच. तू त्याचा हात धरून खाली ठेवलास. मी माझा हात दुपट्ट्याखाली घेतला.

मग तू बाहेर येऊन मला म्हणालास, "काकाजी, मनाले लावून घेऊ नका. तुमची काही चूक नाही." मशीनऐवजी पत्ती काऊन वापरली, कैलाश कुठे होता, तेही विचारलं नाहीस. तू रागावला असता तर मी कदाचित तिथेच बोललो असतो.

दवाखान्यातून तू दादाला कुडव्याला नेलंस, आणि त्या गोळ्या सुरू झाल्यापासून तो झोपून आहे. हे मला रिंकीनं फोनवर सांगितलं. ती बिचारी चांगल्यासाठी सांगत होती, "बाबूजींचे झटके एकदम बंद झाले, आता शांत झोपतात." मी विचारलं, किती झोपतात? म्हणाली, दिवसभर. मी विचारलं, हात उचलतात का? म्हणाली, आता नाही उचलत, बरं झालं ना. मी म्हटलं, बरं झालं. आणि फोन ठेवला.

दिवाळीला मी सांगायच्याच तयारीनं आलो होतो. बसमध्ये वाक्य जुळवत आलो. पण तू दारातच माझ्या पाया पडलास, आणि आत तुझे सासरचे लोक बसले होते त्यांना म्हणालास, "काकाजींनी दुपट्टा दाबून धरला म्हणून बाबूजी वाचले." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. रिंकीनं चहा आणला, मी नको म्हटलं. कप धरता आला नसता. मग दादाजवळ जाऊन बसलो. त्याला दाढी आली आहे, पांढरी, लांब. चौतीस वर्षांच्या नोकरीत पितृपक्ष, नवरात्र आणि आई गेली तेव्हाचे दहा दिवस सोडले तर तो कधी दाढी वाढवून वर्गात गेला नाही, आणि तिथे तोंडात घास अडकलेला, दाढीत भाताची शितं. मी म्हटलं, दादा, मी हुकुम. त्यानं डोळे उघडले. ओळखलं की नाही, मला कळलं नाही. मग डोळे मिटून भिंतीकडे वळला. गोळीनं वळला की माझ्यावर रुसून वळला, याचाच मी तेव्हापासून विचार करून राहिलो. गोळीनं वळला असेल तर मी त्याला तसं केलं. रागानं वळला असेल तर बरोबरच आहे.

आणि मी शेवटची बस पकडून परत आलो. आज त्यालाही अठरा दिवस झाले. सगळे धरले तर पन्नास दिवस माझ्या भावाला माझ्या हाताच्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी उठून ठरवतो, आज सांगायचं. दुपारी ठरवतो, उद्या. त्याचं जेवण कमी झालं, घशात घरघर वाढली, हेही रिंकीनं सांगितलं. हे पत्र पोहोचेपर्यंत काय होईल या भीतीनंही मी लिहायचं लांबवलं, आणि लांबवल्यानं ती भीती वाढली. काकीला काल रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या हातून लिहून घेऊ नका. तुमीच लिहा. डोळ्यानं दिसू द्या त्याले." नंतर भांडी घेऊन उठली. तिनं माझ्याकडे अजून पाहिलेलं नाही.

म्हणून हे मी माझ्याच हातानं लिहिलं. प्रेमिलानं लिहिलं असतं तर तुला वाचायला सोपं गेलं असतं. पण हा कागद तू डॉक्टरांकडे ने. ओळी पाहा म्हणावं, अक्षरं पाहा, काना कुठे जातो ते पाहा. झटका कोणाला येतो ते कागदावर आहे. दादाला एकदाही आला नव्हता. गोळ्या तू मनानं बंद करू नको, फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात म्हणतात. पण उशीर करू नको. पत्र मिळाल्याच्या दिवशीच जा, मिलमध्ये कळवून जा. डॉक्टर विचारतील, काका खोटं काऊन बोलले? सांग, भ्याला म्हणून बोलला.

मला वाटत नाही की तू मला माफ करशील, आणि मी तसं मागत नाही. इकडे परत कधी येऊ नये असं वाटलं तर नको येऊ. काकीला मात्र फोन कर, तिचा दोष नाही. माझा हात मी कोणाला दाखवला नाही आणि आता दाखवायची इच्छाही नाही. तो कशासाठी बरा करायचा?

एवढं कर. दादा जागा झाला, जागा होण्याइतका जरी झाला, तर त्याची दाढी कर. आधी कैलाशसारखी मशीन घेऊन वाढलेले केस बारीक कर, मग कवाडवाला. फणीवाल्याला हात लावू नको, तो आजोबांचा म्हणून नुसता ठेव. नवी पत्ती आधी तुझ्या गालावर चालव. भोवऱ्यापाशी खालून वर, लहान लहान. तुझा हात चांगला आहे, लहानपणी पाटीवर तू रेघ पट्टीशिवाय सरळ मारायचास, दादा ते सगळ्यांना दाखवायचा. झालं की त्याचा डावा हात मोकळा सोड आणि घाई न करता थांब.

मग मला लवकर कळव. मोठं पत्र नको, बाकी काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, लोक काय म्हणाले, काही नाही लिहिलं तरी चालेल. दादानं हात उचलून गालावर फिरवला की नाही, एवढंच कळव. नाही उचलला तरी कळव. रोज पोस्टमनची वाट पाहतो, त्याची सायकल अकराच्या सुमारास हायवेवरून वळते.

तुझ्या बाबूजींचा लहान भाऊ,
हुकुमचंद